जी गाडी माझी नाहीच तिचं ई-चलन: भरायचं की भांडायचं?

मेणवली | ४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी वाईजवळ राहते, शाळेत शिकवते. माझ्याकडे पांढरी स्कूटी आहे, २०२१ ची. घर ते शाळा, शाळा ते बाजार, एवढाच तिचा प्रवास. ३० जुलैला चौथीच्या वर्गात असताना मेसेज आला की माझ्या गाडीवर १५०० रुपयांचं ई-चलन आहे. ट्रिपल सीटचे १००० आणि हेल्मेट नसल्याचे ५००. ठिकाण बघितलं तर इथून दोनशे किलोमीटरवरचं शहर! त्या शहरात मी शेवटची गेले ती मावसबहिणीच्या लग्नाला, तेसुद्धा एसटीने.

संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकले. फोटो उघडला तर त्यात काळी मोटारसायकल, तिच्यावर तीन मुलगे, मागून काढलेला फोटो. नंबर मात्र माझा टाकलेला.

यजमान म्हणतात, भरून टाक, कुठे नसती डोकेदुखी. सासरे म्हणतात, एक पैसा भरायचा नाही. मलाही भरावंसं वाटत नाही. वर्गात पोरांना रोज सांगते, न केलेली चूक कबूल करायची नाही. पण कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, त्यामुळे धाकधूक आहे. कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

रंकाळा | ४ ऑगस्ट, ९:२२

ताई, स्कूटी रात्री गुपचूप फिरायला जात नाही न्हवं? :)

चेष्टा सोडा. भरू नका. आमच्या चुलत्यांना असंच आलेलं. ट्रॅक्टर हाय त्यांच्याकडं आणि चलन सीटबेल्टचं! रद्द झालं, टेन्शन घेऊ नका.

---

जुनाडबा | ४ ऑगस्ट, ९:४०

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. माझ्यावरही असं एक चुकीचं चलन होतं, ५०० चं. तक्रार केली, उत्तर नाही. मग कचेरीत गेलो, तर सांगितलं हे आमच्या हद्दीतलं नाही. दुसऱ्या कचेरीत गेलो, तिथले साहेब बंदोबस्तावर. दोन रजा गेल्या. शेवटी भरून मोकळा झालो. तुमची एक दिवसाची रजा किती रुपयांची हा हिशेब आधी करा.

---

काळाकोट | ४ ऑगस्ट, १०:१५

मेणवली ताई, मी तालुका कोर्टात वकिली करते. क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, तूर्त काहीही भरू नका. चलन भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड करणं. पैसे गेले की प्रकरण मिटलं. त्यानंतर "ती गाडी माझी नव्हती" हे ऐकून घ्यायला कुणी बांधील राहत नाही.

दुसरी गोष्ट, फोटो हा आत्ता तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. मोठा करून सेव्ह करा. चलनाचं पानही, चलन क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण दिसेल असं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ए हा नियम आला. कॅमेऱ्याच्या जोरावर चलन फाडायचं तर गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, तारीख-वेळ आणि ठिकाण हे सगळं लागतं, आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस जायला हवी. म्हणजे पुरावा त्यांनी द्यायचा आहे. तुम्ही फक्त तो पुरावा दुसऱ्याच गाडीचा आहे हे दाखवायचं.

तिसरी, त्याच संकेतस्थळावर तक्रारीचा पर्याय आहे. कोर्ट फार नंतर येतं. आरसी आणि स्वतःच्या गाडीचा मागून-पुढून फोटो जोडा. आरसीवर गाडीचा प्रकार, मॉडेल आणि रंग असतो. पांढरी स्कूटर आणि काळी मोटारसायकल यांत वाद घालायला जागाच नाही.

जुनाडबा, तुमचा वैताग समजला. पण तुमच्याकडे पोहोच क्रमांक होता का? तोंडी तक्रारीला वाली नसतो.

---

जुनाडबा | ४ ऑगस्ट, १०:३१

नव्हता. फोन केला होता फक्त.

---

शून्यमनस्क | ४ ऑगस्ट, १०:५०

एवढं सगळं कशाला? सहा महिने गप्प बसा, चलन आपोआप मरतं. दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांचीच मुदत असते.

---

काळाकोट | ४ ऑगस्ट, ११:०५

हा सल्ला दर दोन धाग्यांमागे वाचायला मिळतो, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायला हवी हे खरं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये आहे. पण हा मुद्दा न्यायालयासमोर मांडायचा असतो. पोर्टलवरची थकबाकी सहा महिने झाले म्हणून पुसली जात नाही. गाडी विकायला काढाल त्या दिवशी ती समोर उभी राहते. शिवाय या ताईंनी चूकच केलेली नाही, मग मुदत संपण्याची वाट त्यांनी का बघायची?

---

भुईनळा | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

एक महत्त्वाचं. मेसेजमधल्या लिंकवरून गेलात की स्वतः संकेतस्थळ टाइप करून? हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनच त्यांच्या हातात. आमच्या सोसायटीत एका काकूंचं खातं असंच रिकामं झालं. सरकारी पत्ता "जीओव्ही डॉट इन"ने संपतो, तेवढं बघितल्याशिवाय बोट लावू नका.

---

मेणवली | ५ ऑगस्ट, ८:१०

भुईनळा, स्वतः टाइप करूनच गेले. काळाकोट ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली, खरंच आभार.

---

निळीशाई | ५ ऑगस्ट, ११:२०

माझा अनुभव तपशिलात लिहितो, उपयोगी पडेल.

मी ज्या शहरात राहतो तिथल्या एका चौकात गेल्या वर्षी स्टॉपलाइन ओलांडल्याचं चलन आलं. फोटोत माझी गाडी, माझीच नंबरप्लेट, सिग्नल लाल. सगळं बरोबर. फक्त लाइनच नव्हती! आठवड्यापूर्वी तिथे नवीन डांबर टाकलं होतं, काळाकुळकुळीत रस्ता, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका नाही. त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन गेलो. ती सिग्नलशी उभी राहिली, मी चारही बाजूंनी फोटो काढले. कोपऱ्यातल्या रसवंतीवाल्याने विचारलं, "साहेब, चलन का? आज तुम्ही तिसरे."

तक्रार टाकली. चार दिवसांनी एका ओळीत उत्तर: "चलन योग्य आहे." चडफडलो. मग पुन्हा तक्रार केली, पण या वेळी लांबण लावली नाही. त्यांचा फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवले, जिथे लाइन हवी तिथे लाल गोल केला आणि दोनच वाक्यं लिहिली. तीन आठवड्यांनी रद्द. पहिल्या वेळी मी दीड पान लिहिलं होतं, संतापाने भरलेलं. ते कुणी वाचलं नसणार आणि त्यात त्यांची चूक नाही असं आता वाटतं. रोज शेकड्याने तक्रारी बघणाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे.

---

रोजचा_घाट | ५ ऑगस्ट, दुपारी १:०५

निळीशाईंशी सहमत, पण दुसरी बाजूही लिहितो. मी आठवड्यातून दोनदा एक्सप्रेस वेने मुंबईला जातो. जुलै २०२४ मध्ये तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. पहिल्याच महिन्यात मला २००० चं चलन, वेग जास्त म्हणून. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते कॅमेरे खोटे आहेत, तक्रार कर. मीही तावातावाने डॅशकॅमचं कार्ड काढलं. त्यात जीपीएसचा वेग येतो. त्या मिनिटाला ११२. मर्यादा १००. गुपचूप भरले. सगळीच चलनं खोटी असतात असं धरून चालू नये, आधी स्वतःचं तपासावं. तेव्हापासून ९५ वर ठेवतो. ९४ किलोमीटरच्या रस्त्यात फारतर दहा मिनिटं जास्त लागतात, आणि घाटाच्या उतारावर बायको आता झोपू शकते.

---

संत्रानगरी | ५ ऑगस्ट, ३:३०

आमच्या नागपूरकडची गोष्ट सांगतो जी. देशातल्या पहिल्या व्हर्च्युअल कोर्टांपैकी एक आमच्या काटोलला सुरू झालं, ऑक्टोबर २०२० मध्ये, तेही वाहतुकीच्या चलनांसाठीच. त्यामुळे कोर्ट म्हटलं की काळा कोट आन् पिंजरा, असं डोळ्यासमोर आणू नका बाप्पा. घरबसल्याही होते पुष्कळ.

माझ्या लहान भावाची सात चलनं साचली होती. खरं सांगतो, सातही बरोबर. हेल्मेट, सिग्नल, मोबाइल. लोकअदालतीचा मेसेज आला, दोघं गेलो, रांगेत दोन तास उभे राहिलो, रक्कम बरीच कमी झाली, निपटलं. येत्या १३ सप्टेंबरला परत राष्ट्रीय लोकअदालत आहे. ताई, तुम्हीही तिथं जाऊन पाहा न, कमी करून देतील.

---

काळाकोट | ५ ऑगस्ट, ४:१५

संत्रानगरी दादा, इथे थोडं अडवते. तुमच्या भावासाठी लोकअदालत योग्यच होती, चुका त्यांच्या होत्या. मेणवली ताईंसाठी नाही. लोकअदालत म्हणजे तडजोड. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. १५०० चे ७०० झाले तरी न केलेल्या चुकीचे ७०० का द्यायचे? आणि ट्रिपल सीट, हेल्मेट या दोन्ही कलमांत तीन महिने लायसन्स निलंबित करायची तरतूद आहे. असली नोंद आपल्या नावावर राहूच देऊ नये.

---

संत्रानगरी | ५ ऑगस्ट, ४:२०

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मान्य.

---

खाडीपार | ५ ऑगस्ट, रात्री ११:५०

अवांतर आहे, पण तुलना म्हणून लिहितो. मी कॅलिफोर्नियात असतो. इथे वेगाचं तिकीट मिळालं की लेखी बाजू मांडून खटला चालवता येतो, कोर्टात पाऊल न ठेवता. पण आधी दंडाची पूर्ण रक्कम जमा करावी लागते, जिंकलात तर परत. हरलात तर वीस दिवसांत नव्याने, या वेळी समोरासमोर, सुनावणी मागता येते. मी चौकाचा नकाशा काढून, झाडाच्या फांदीने झाकलेल्या पाटीचा फोटो लावून पाठवलं. पैसे परत आले. दुसऱ्या एका वेळी चूक माझी होती, तेव्हा वाहतूक नियमांचा वर्ग करून परवान्यावर लागणारा दोषगुण टाळला. तो वर्ग अठरा महिन्यांतून एकदाच करता येतो.

आपल्याकडे आधी पैसे न भरता तक्रार करता येते, ही सोय लोकांना माहीतच नाही असं हा धागा वाचून वाटतंय.

---

आजोबा_७१ | ६ ऑगस्ट, सकाळी ६:२०

आमच्या वेळी हवालदार पावती पुस्तक काढायचा आणि समोरासमोर बोलणं व्हायचं. चूक असेल तर कान धरायचा, नसेल तर सोडायचा. आता फोटोशी काय बोलणार?

---

हवालदाराची_लेक | ६ ऑगस्ट, ९:००

आजोबा, नमस्कार करून लिहिते. माझे बाबा वाहतूक शाखेतून निवृत्त झाले. ते पावती पुस्तक मी जवळून बघितलंय. समोरासमोर "बोलणं" म्हणजे रोज पाच-पन्नास लोकांच्या शिव्या, "ओळखतोस का मी कोण" आणि कुठल्यातरी नगरसेवकाचा फोन. घरी आले की शर्टाची कॉलर काळी, रुमालाने नाक पुसलं की रुमाल काळा. जेवताना आम्ही मोठ्याने बोलायचो, हॉर्नमुळे त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं.

फोटो आल्यापासून वादावादी कमी झाली असं ते सांगतात. पण त्यांचंच म्हणणं, घाईत, पावसात, हलत्या गाडीचा नंबर टाकताना एक आकडा चुकणं सहज होतं. चुकीचं चलन गेलं हे कळवणाऱ्या माणसाचा त्यांना कधी राग यायचा नाही. ताई, तुम्ही तक्रार करताना "पोलिसांनी मुद्दाम केलं" असं लिहू नका, बाकी बिनधास्त करा. आणि गेल्याच महिन्यात वरून आदेश निघालाय की चलनासाठी खासगी मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. तुमचा फोटो कसा काढलाय ते दिसतंय का?

---

निळीशाई | ६ ऑगस्ट, ९:४०

छान लिहिलंत. मेणवली ताई, त्यांच्या मुद्द्यावरून सुचलं. फोटोतली नंबरप्लेट तुम्ही झूम करून बघितलीत का? दोन शक्यता आहेत. एक, कुणाचा तरी नंबर तुमच्यासारखा आहे आणि टाकताना आकडा चुकला. दोन, त्या गाडीवर खरोखरच तुमचा नंबर लावलाय, म्हणजे बनावट प्लेट. दोन्हींचे रस्ते वेगळे.

---

काळाकोट | ६ ऑगस्ट, १०:१०

अगदी हेच लिहायला आले होते. आकडा चुकला असेल तर ऑनलाइन तक्रार पुरे. बनावट प्लेट असेल तर मात्र आजच्या आज तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं किंवा साखळी खेचली, तर शोध तुमच्या दारापासून सुरू होईल.

---

रंकाळा | ६ ऑगस्ट, १०:३०

म्हणून ती नवी उच्च सुरक्षा प्लेट सगळ्यांनी बसवून घ्या. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना शोरूममधूनच येते, जुन्यांना लावायची हाय. अजून आमच्याकडं निम्म्या गाड्यांवर ४१४१ चं "दादा" करून फिरत्यात. कोण वाचणार तो नंबर?

---

रात्रपाळी | ६ ऑगस्ट, दुपारी २:२५

मूळ प्रश्नावर माझ्याकडे काही नाही. फक्त ५०० रुपयांच्या हेल्मेटच्या चलनाबद्दल वर कुणी कुणी सहज लिहिलंय म्हणून. मी अपघात विभागात परिचारिका आहे. गेल्या महिन्यात एका मुलाची गाडी त्याच्या मित्राने आवारात आणून लावली. डिकीत हेल्मेट होतं. नवंकोरं, काचेवरची प्लास्टिकची पन्नीसुद्धा काढलेली नव्हती. मुलगा वाचला, पण अजून आईला नावाने हाक मारत नाही.

चुकीच्या चलनाशी जरूर भांडा. बरोबर असलेल्याशी नका भांडू.

---

जुनाडबा | ६ ऑगस्ट, ३:००

_/\_

---

मेणवली | ६ ऑगस्ट, रात्री ८:४५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. रात्रपाळी ताई, तुमचा वाचून काही वेळ फोन बाजूला ठेवला.

आता बातमी. फोटो मुलाच्या लॅपटॉपवर मोठा करून बघितला. सासरे, यजमान, मी, तिघे डोकं लावून बसलो होतो. माझ्या नंबरचा शेवटचा आकडा ३ आहे. त्या मोटारसायकलवर इंग्रजी आठ आहे! प्लेट जुनी, रंगवलेली, आणि स्क्रू नेमका आठच्या डाव्या अंगाला मारलाय. त्याच्या भोवतीचा रंग खरवडून गेलाय, त्यामुळे लांबून इंग्रजी तीनच दिसतो. नीट बघितलं तर खालच्या गोलाची डावी कड पुसटशी उरलीय. सासऱ्यांनीच ती दाखवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसतं!

म्हणजे बनावट प्लेट नाही, वाचण्यातली चूक. जीव भांड्यात पडला. फोटो कशाने काढलाय ते मात्र कळत नाही. निळीशाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन फोटो शेजारी लावले, आठच्या भोवती लाल गोल केला, आरसी जोडली आणि एवढंच लिहिलं:

"चलनातील छायाचित्रात काळ्या रंगाची मोटारसायकल आहे. माझे वाहन पांढऱ्या रंगाची स्कूटर आहे, आरसी सोबत जोडली आहे. छायाचित्रातील क्रमांकाचा शेवटचा आकडा ८ असून तो ३ असा वाचला गेला आहे. कृपया चलन रद्द करावे."

पोहोच क्रमांक आला आहे, वहीत लिहून ठेवला.

---

काळाकोट | ६ ऑगस्ट, ९:०५

मसुदा उत्तम. माझे कनिष्ठ वकील इतकं नेमकं लिहीत नाहीत. त्या आठवाल्या गाडीचा पूर्ण नंबर मात्र इथे टाकू नका.

---

घागर | ८ ऑगस्ट, सकाळी १०:४०

याच धाग्यावर विचारते. मी २०२२ मध्ये जुनी गाडी ओळखीतल्या एकाला विकली. रोख घेतले, कागदावर सह्या झाल्या. अजूनही तिची चलनं मलाच येतात. त्याला फोन केला की "भरतो ताई, भरतो ताई". काय करू?

---

काळाकोट | ८ ऑगस्ट, ११:३०

घागर ताई, नाव बदललंय का आरटीओत? फॉर्म २९ आणि ३० दिलेत का? विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, कायद्याने ती जबाबदारी तुमचीही आहे. आरसीवर नाव असेल तोवर कायदा तुम्हालाच मालक धरतो. अपघातात नुकसानभरपाईसुद्धा नोंदलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय. चलनं ही त्यातली लहान गोष्ट. विक्रीचा कागद घेऊन याच आठवड्यात आरटीओत जा. त्या गाडीचा विमा चालू आहे का, तेही बघा.

---

घागर | ८ ऑगस्ट, ११:४२

बाप रे. सोमवारी जाते.

---

मेणवली | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१५

झेंडावंदन करून घरी आले आणि संकेतस्थळ उघडलं. तक्रार मान्य, चलन रद्द. माझ्या गाडीपुढे थकबाकी शून्य. नऊ दिवस लागले, रजा एकही गेली नाही.

सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, त्या पानाची छापील प्रत काढायला लावली आणि गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवली. "परत कुणी विचारलं तर असू दे," म्हणाले.

---

जुनाडबा | १५ ऑगस्ट, १२:४०

अभिनंदन ताई. मनापासून. माझं ते ५०० चं गेलं ते गेलं, पण काल मुलाच्या गाडीवर एक आलंय, नो पार्किंगचं. फोटोत पाटीच दिसत नाही. संध्याकाळी त्याला घेऊन तिथे जातोय, आधी पाटी आहे का ते बघतो. नसेल तर चारही बाजूंनी फोटो काढतो. निळीशाई, रात्री इथेच टाकतो, जरा बघून सांगा.